सुपडाची पंचवीस झाकणं

कुकरची शिट्टी ऐकून कुकरचं दुखणं सांगणारा माणूस आमच्या मेहकरच्या गल्लीत एकच होता, सुपडा. मी तेव्हा शाळेत पोरांची खिचडी शिजवायचे. सकाळी घरचा कुकर लावायचा, दोन घास खायचे आणि पळायचं. एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली.

"वहिनी, रिंग बदला. हवा पळून राह्यली."

"तुले भिंतीतून दिसते काय?"

"दिसत नाई. ऐकू येते. मुठीच्या बाजूनं पळून राह्यली."

कुकर उघडून पाहिलं, तर रिंग मुठीच्या बाजूलाच चिरलेली. मला कौतुक वाटलं नाही, रागच आला. शेजाऱ्याला इतकं ऐकू येणं बरं नव्हे.

'हवा पळून राह्यली' हे त्याचं ठरलेलं बोलणं. सायकल दिसली की तो ट्यूबला कान लावायचा. दवाखान्यात गेला तर डॉक्टरच्या रक्तदाब मोजायच्या पट्ट्याची हवा कुठून जाते ते डॉक्टरला सांगून यायचा. एकदा निवडणुकीला उभा राहिलेला एक जण गल्लीत तासभर भाषण करत होता. सुपडा मागून मोठ्यानं म्हणाला, "याची पळून राह्यली." तो माणूस पडला. तेव्हापासून लोक सुपडाला निकालाआधी विचारायला लागले.

तो नंदूच्या बँडपार्टीत सॅक्सोफोन वाजवायचा. आम्ही बाया त्या वाजाला पितळी हुक्का म्हणायचो. सुपडाला ते अजिबात चालायचं नाही. बुटका, पोट सुटलेला, दोन्ही गाल फुग्यासारखे सैल. लाल कोट आणि सोनेरी झालरी घातल्या की माणूस बरा दिसायचा, एरवी नाही. लग्नसराईत दही बंद, लोणचं बंद. वाजवायच्या आधी मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची आणि एक वेलदोडा चावायचा. वाजाला हात लावायचा तर साबणानं धुऊन. घरात मात्र त्यानं कधी पाण्याची बादली उचलल्याचं मी पाहिलं नाही. त्याची बायको गोदा म्हणायची, "मले पितळेचं करून घ्यायला पाह्यजे होतं, म्हणजे रोज पुसलं असतं."

बँडमध्ये कोण कुठे चालतो याला फार किंमत असते. पुढच्या रांगेत फुंकणारे. त्यांच्या मागे ढोल-ताशे. आणि सगळ्यात शेवटी, जनरेटरच्या गाडीला खेटून, खुळखुळा हलवणारा म्हातारा. ज्याचे दात गेले, दम गेला, त्याच्या हातात खुळखुळा देतात. धूर खायचा आणि हलवत चालायचं. ऐकू कोणालाच येत नाही. सुपडा मिसरूड फुटल्यापासून पुढच्या रांगेत होता आणि साठी उलटली तरी पुढच्याच रांगेत होता.

मग ती वरात आली. नवरदेवाचा कोणी काका पिऊन नाचत होता. नाचता नाचता त्याला वाजाची दया आली. "हा बी थकला असंल बे, यालेबी पाजा," म्हणाला, आणि हातातली नारंगी कोल्ड्रिंकची बाटली त्यानं सॅक्सोफोनच्या तोंडात अख्खी ओतली. सुपडानं वाजा उलटा केला, रुमालानं पुसला, वरात पूर्ण केली. घरी येऊन खुंटीला टांगला. चार दिवस तिथी नव्हती म्हणून हात लावला नाही.

पाचव्या दिवशी खुंटीपासून जमिनीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. गोड पाणी झाकणाझाकणात वाळलं होतं. झाकण उचललं की चट्‌ करून चिकट आवाज. वाजाला अशी पंचवीस झाकणं असतात. लहानात लहान शर्टाच्या गुंडीएवढं, मोठ्यात मोठं चहाच्या बशीपेक्षा थोडं कमी. प्रत्येकाच्या आत एक गोल टिकली असते. तिला ते लोक पॅड म्हणतात. वर पातळ चामडं, त्याच्या खाली दाबलेली लोकर, मग पुठ्ठा. बोट दाबलं की टिकली भोकावर बसते आणि हवा कोंडते. मुंग्यांनी आणि साखरेनं ती चामडी खरखरीत करून टाकली होती. पुढच्या लग्नात वाजाचे खालचे सूर गुरगुरत निघाले.

दुसऱ्या दिवशी नंदू आला. पोरगा तिशीचा, बापाच्या मागे बँड सांभाळणारा. त्याला वाजवायला सुपडानंच शिकवलं होतं, पण मालक तो मालक. मी ओसरीवर भाजी निवडत होते. नंदू उभ्या उभ्याच बोलला.

"काका, हे म्हशीचं रडणं बंद करा. रविवारी देऊळगावचं लग्न हाय. वाजला तर पुढं चला. नाई तर खुळखुळा धरा."

"नंदू, रविवारी वाजते."

"नाई वाजला तर?"

सुपडा म्हणाला, "तर धरतो."

देऊळगाव राजाचं ते लग्न म्हणजे माझ्या बहिणीच्या मुलाच्या, प्रल्हादच्या, पोरीचं. बँड मीच ठरवून दिला होता. त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं.

वाजा नागपूरला धाडला तर पंधरा दिवस जाणार. सुपडानं फोन करून पॅडचा नुसता संच मागवला. बुधवारी तो एसटीच्या पार्सलनं आला. आता चार दिवस. गोदा गच्चीवर कुरडया घालत होती. तिनं वरूनच सांगितलं, "घरात लाख जाळसान तर वाज्यासकट बाहेर." म्हणून तो माझ्या ओसरीवर आला. शाळेला सुटी होती. मी म्हटलं, "कर, पण फरशी खराब केली तर पुसून जाशील." त्यानं हो म्हटलं. पुसली अर्थात मीच.

तीन दिवस मी जे पाहिलं, तसं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. सुपडानं खडूनं फरशीवर अख्खा सॅक्सोफोन काढला. मग बारीक पेचकसानं एकेक दांडी सोडवून प्रत्येक झाकण चित्रातल्या आपापल्या जागेवर ठेवलं. जुन्या टिकल्या चाकूनं उचकटल्या. रॉकेलच्या चिमणीवर वाटीत लाख वितळवायची, झाकणात थेंब सोडायचा, नवी टिकली बसवायची, झाकण परत वाजावर चढवायचं आणि धाग्यानं बांधून दाबून ठेवायचं, म्हणजे भोकाची कड टिकलीवर उमटते. ऐकायला सोपं आहे. केसाएवढी वाकडी बसली तरी हवा पळते. आणि सगळ्यात खालचा सूर काढायला सगळीच्या सगळी झाकणं एका वेळी बंद लागतात. चोवीस बसली आणि एक गळलं, तर तो सूर येत नाही.

संचात मोठ्यात मोठी टिकली नव्हतीच. दुकानदार विसरला. सुपडा डोकं धरून बसला. मी आतून माझ्या नवऱ्याचं चामडी पाकीट आणून दिलं.

"वहिनी, दादाचं हाय ना हे?"

"हो. त्याच्यात काही नाई. तवाही नसायचं."

त्याचं मऊ चामडं आणि माझ्या जुन्या कानटोपीची लोकर, यांची टिकली झाली. दुकानातल्या टिकल्यांपेक्षा चांगली दिसत होती.

हवा कुठून पळते ते बघायची त्याची एक रीत होती. तारेला बांधलेला बारका दिवा वाजाच्या पोटात सोडायचा आणि बाहेरून बघायचं. झाकणाच्या कडेनं उजेड दिसला की तिथं फट. पण त्याला अंधार लागतो. माझ्या घराचे पत्रे जागोजागी गळके, दुपारी घरभर उन्हाचे कवडसे. सुपडा म्हणाला, "घोंगडी द्या."

वैशाखातली दुपार, दोनचा सुमार. सुपडा वाजा घेऊन घोंगडीखाली शिरला. आतून ओरडायचा, "पळून राह्यली! सापडली! इथून पळून राह्यली!" घोंगडी हलायची. ताक मागायला आलेली एक बाई ते बघून ताक न घेताच गेली.

"वहिनी, आत या. पाहा तं खरं!"

"मी कायले येऊ? वेड लागलं काय तुले?"

"या ना बाप्पा, लौकर!"

मी गेले. आत भट्टी. घामाचा आणि लाखेचा वास. आणि त्या काळोखात एका झाकणाखाली उजेडाची चंद्रकोर, नखाएवढी. सुपडानं चिमट्यानं झाकण इवलंसं वाकवलं. कोर बारीक झाली. अजून वाकवलं. गेली! मी टाळीच वाजवली. मग मलाही चटक लागली. "सुपडा, इथं पाहा, हे बी गळते!" तो म्हणाला, "शाब्बास वहिनी." असे आम्ही एकेक उजेड विझवत बसलो. तेवढ्यात बाहेरून गोदाचा आवाज आला.

"बाई, तुमच्या घोंगडीत माहा नवरा काय करून राह्यला?"

"उजेड शोधून राह्यला," मी आतूनच सांगितलं.

"घरी तं कधी सापडला नाई त्याले," ती म्हणाली आणि कुरडया उलटायला गेली.

शेवटची तीन मोठी झाकणं राहिली आणि घोळ सुरू झाला. टिकली बसवली, दाबली, की लाख कडकन फुटायची आणि टिकली बाहेर. चार वेळा झालं. सुपडाच्या बोटांना फोड आले. तेव्हा मी तोंड उघडलं. मला लाखेतलं काय कळतं? पण आयुष्यभर पीठ मळलेलं. म्हटलं, "कोरडी पडली ती. मोहन घाल."

"म्हंजे?"

"तेल घाल चमचाभर. नरम येईल."

त्यानं घातलं. लाख लोण्यासारखी पसरली. तिन्ही टिकल्या पहिल्या झटक्यात बसल्या. घोंगडीत शिरून पाहिलं, कुठे उजेड नाही. शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी सुपडानं चूळ भरली, वेलदोडा चावला, पंचवीसही झाकणं मिटली आणि सगळ्यात खालचा सूर काढला. माझ्या फळीवरचे स्टीलचे डबे थरथरले. गोदा गच्चीवरून खाली वाकून बघत होती. तिनं काही टोमणा मारला नाही.

शनिवारी मी देऊळगावला गेले. रविवारी दुपारी एकला बँडचा टेम्पो आला. मांडव बालाजीच्या देवळापासून जवळच, प्रल्हादच्या घरापुढे. मी आचाऱ्यांवर लक्ष ठेवून होते. सुपडा मागच्या अंगणात आला. कोट अंगात, टोपी हातात, आणि तोंड पांढरं.

"वहिनी, लाख पाघळली."

वाजाची पेटी टेम्पोच्या टपावर बांधून आणली होती. तीन तास ऊन. त्यानं पेटी उघडून दाखवली. बावीस झाकणं जशीच्या तशी. तीन मोठ्या झाकणांच्या टिकल्या घसरून वाकड्या लोंबत होत्या. हातात घेतलं तर बोटाला तेलकट. काय झालं ते मला तिथंच कळलं. पिठाला जे चालतं ते लाखेला चालत नाही, एवढीच गोष्ट.

नंदू मागोमाग आलाच. त्याच्या काखेत खुळखुळा होता. पोरगा तो मेहकरहून घेऊनच निघाला होता.

"काका, काय म्हटलं होतं मी?"

"नंदू, तेल घालायचं मी सांगितलं—" मी बोलायला लागले.

सुपडानं मला पुढे बोलू दिलं नाही. "माह्या हातानं झालं. लाख मी कालवली. परण्या कितीले हाय?"

परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो ती मिरवणूक. ती चारला निघणार होती.

"चारपर्यंत थांबतो," नंदू म्हणाला आणि खुळखुळा खाटेवर ठेवून गेला.

माझ्या चुकीपायी हा माणूस धुरात चालणार, हे मला पटत नव्हतं. सुपडा खाटेवर त्या खुळखुळ्याशेजारी बसून राहिला होता.

"ऊठ," मी म्हटलं. "काय काय लागते ते सांग."

"लाख पाह्यजे. चोख. अन् हे तेल काढायले स्पिरिट."

रविवारी दुकान बंद. मी अंगणात नजर फिरवली. वळचणीला प्रल्हादचे विळे खोवलेले होते. विळ्याचं टोक लाकडी मुठीत बसवताना लोहार आत लाख भरतो. मी तीन विळे काढले आणि आचाऱ्याच्या शेगडीवर पाती तापत ठेवली. मुठी सुटल्या. आत चांगली काळपट, टणक लाख. प्रल्हाद धावत आला.

"मावशे, विळे कायले तोडतेस? पोरीचं लगीन हाय आज!"

"लगीन विळ्यानं लावतोस काय? पोळ्याआधी बसवून देईन. हो बाजूला."

स्पिरिटचा प्रश्नही सुटला. नवरीचा मामा सकाळपासून घडीघडी गोठ्यात जात होता. मी चौथी शिकलेली, पण एवढं कळतं. त्याच्या खिशातून क्वार्टर काढून घेतली. तो म्हणाला, "मावशी, औषध हाय." मी म्हटलं, "औषधालाच पाहिजे." सुपडानं कापूस भिजवून तिन्ही झाकणं घासली. तेल निघालं.

विळ्याची लाख चिमणीवर वितळवून टिकली बसवली, पण लाख पुन्हा फुटली. तीन वाजत आले होते. मी घाबरले. सुपडा मात्र फुटलेला तुकडा डोळ्याजवळ धरून बघत बसला. मग त्यानं झाकण गालाला लावलं. लहान पोरासारखा ओरडला.

"वहिनी! झाकण थंड हाय! लाख तापवली मी, झाकण कुठी तापवलं? जाड पितळ हे! चिमणीवर काय तापते? तेल पाह्यजेच नव्हतं, वहिनी, निस्तं झाकण गरम पाह्यजे होतं!"

आत बाया नवरीचा शालू इस्त्री करत होत्या. मी इस्त्री उचलून आणली. मागून सगळ्या ओरडत होत्या. इस्त्री विटांमध्ये उलटी ठेवली, तापलेली बाजू वर. त्यावर झाकण. झाकणात विळ्याची लाख. काजळी नाही, जाळ नाही, लाख आपोआप वितळून कडेपर्यंत चमकली. सुपडानं टिकली ठेवली, अंगठ्यानं फिरवली, वाजावर चढवलं, दाबून धरलं. एक. अंगणात आता पंधरा-वीस माणसं जमली होती. दुसरं. प्रल्हाद इस्त्रीची वायर धरून उभा होता, स्वतःच्या पोरीचं लग्न विसरून. मामा विचारत होता, "बसलं काय? बसलं काय?" तिसरं, माझ्या नवऱ्याच्या पाकिटाचं. घोंगडी घ्यायला वेळ नव्हता. सुपडानं बिडीच्या बंडलाचा पातळ कागद फाडून झाकणाखाली धरला, झाकण मिटलं आणि कागद ओढला. कागद निघाला नाही, फाटला.

"नाई पळत," तो म्हणाला.

बाहेर ताशा सुरू झाला होता. नंदू आत आला आणि खाटेवरचा खुळखुळा उचलून सुपडापुढे धरला. सुपडाच्या तोंडात वाजा होता. त्यानं नंदूकडे बघत पंचवीस झाकणं मिटली आणि फुंकलं. खाली, अगदी खाली, पोटातून येणारा सूर. आचाऱ्यानं झारा हलवायचं थांबवलं. नंदूनं हात खाली घेतला. "चला काका," एवढंच म्हणाला, "पुढं चला."

सुपडा त्याच आषाढात गेला. छातीत कळ आली, पोरीकडे सोनाळ्याला होता. मला दोन दिवसांनी कळलं. गोदा आता तिकडेच असते. वाजा नंदूकडे आहे. तो नीट ठेवतो की नाही, ठाऊक नाही.

त्या लग्नात पुढे मी आचाऱ्यांतच अडकले, मग शाळा उघडेपर्यंत प्रल्हादकडे राहिले, तोवर सुपडा पोरीकडे गेला होता; म्हणून मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या परण्यात. नवरदेव घोड्यावर, आणि सगळ्यांच्या पुढे सुपडा उलटा चालत होता, तोंड बँडकडे, पाठ रस्त्याकडे. टोपी कानावर आलेली, गाल फुगलेले, कोटाची पाठ घामानं काळी झालेली. समोरून जालन्याची एसटी आली. रस्ता अरुंद. एसटी आली की मिरवणूक नेहमी कडेला होते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सुपडा वळला. कडेला झाला नाही. सरळ एसटीच्या पुढे जाऊन उभा राहिला, कमरेतून मागे वाकला, वाजाचं तोंड ड्रायव्हरच्या काचेकडे केलं आणि असा वाजवला, असा वाजवला, की पोरं एसटीच्या चाकांपाशी नाचायला लागली. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्नवर हात नेला. मग हात काढला आणि इंजिन बंद केलं. खिडक्यांतून माणसं बाहेर वाकली. एक म्हातारी तर पिशवी घेऊन खालीच उतरली. मिरवणूक एसटीच्या बाजूनं दोन रांगांत निघाली, आणि मग एसटीच आड आली, त्यामुळे मला काही दिसेना.

पाचेक मिनिटांनी एसटी हलली. मागचा रस्ता मोकळा होता. मिरवणूक वळणापलीकडे गेली होती. वाजा ऐकू येत होता, खालच्या सुरासकट.

मी आत वळले. इस्त्री विटांमध्ये तशीच चालू होती. ती बंद केली.